नऊ महिने आणि दोन दिवस

‘५ फेब्रुवारी, शुक्रवार. हवा कोरडी. दूधवाला पाऊण तास उशिरा. बॉबिन दुपारी अडीच ते साडेचारच्या दरम्यान शिवणयंत्राखाली व्याली. पिल्लं पाच : तीन नर, दोन माद्या. एका नराच्या शेपटीचं टोक पांढरं. धाकट्याने चिंध्यांची पेटी रिकामी करून दिली. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा ठिबकतो आहे.’

ही नोंद अक्कांच्या डायरीतली. अक्का म्हणजे फीतमास्तरांच्या थोरल्या बहीण. आधी तारीख, मग वार, मग जे घडलं तेवढंच, ही सवय कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी त्यांना नवव्या वर्षी लावली, ती संसारात सुटली नाही आणि वैधव्यातही सुटली नाही. यजमान गेले त्या दिवसाचीही नोंद आहे, आणि तिच्यातसुद्धा हवा कशी होती ते लिहिलेलं आहे. त्यानंतर त्या धाकट्या भावाकडे राहायला आल्या त्या दोन ट्रंका घेऊन. एकीत कपडे होते, दुसरीत डायऱ्या. दुसरी जड होती.

धाकटा भाऊ म्हणजे फीतमास्तर. वय एकाहत्तर, अंगाने किरकोळ, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. चाळीस वर्षं शिंपीकाम केलं, मग डोळे सुईशी भांडायला लागले तसं दुकान बंद केलं. गळ्यातली मोजमापाची फीत मात्र उतरली नाही. आंघोळीला जाताना ती खुंटीवर जायची आणि टॉवेलच्या आधी गळ्यात परत यायची. कुणाशीही बोलताना त्यांची नजर समोरच्याच्या खांद्यांवर असे. अक्का म्हणायच्या, हा माणसाचा चेहरा विसरेल, पण छातीचं माप विसरणार नाही.

त्यांच्या शिंपीपणातली एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. शिंप्याच्या पावतीवर तारीख असते ती कपडा मिळण्याची. कापड कधी आलं, कधी कापलं, याच्याशी कुणाचं देणंघेणं नसतं. चाळीस वर्षं अशा पावत्या फाडल्यावर मास्तरांच्या लेखी जगातल्या प्रत्येक गोष्टीला एकच तारीख उरली होती, डिलिव्हरीची. ती ते आधीच लिहून ठेवत. पाळली जाईच असं नव्हे. त्यांच्या हातून एकही कपडा तारखेच्या आत गेला नाही, असं गिऱ्हाइकं प्रेमाने सांगत.

दुकान बंद झाल्यावर मास्तर घरात बसून पडद्यांची मापं घेऊ लागले, तेव्हा अक्कांनीच त्यांना बाहेर पिटाळलं. गावात कुत्री पाळणाऱ्यांचा एक क्लब होता. वर्षातून एकदा, नोव्हेंबरातल्या एखाद्या रविवारी, शाळेच्या व्यायामशाळेत तो कुत्र्यांचं प्रदर्शन भरवायचा. क्लबच्या सेक्रेटरी दातांच्या डॉक्टरीण होत्या, आणि त्यांचे पांढरे कोट मास्तरांनीच शिवलेले. प्रवेशाच्या टेबलावर कुत्र्यांची उंची मोजायला माणूस हवा होता. मास्तर गेले, आणि दोन वर्षांत त्या टेबलाचे मालकच झाले. उंची त्यांनी मोजायची, कागद त्यांनी तपासायचे, वय त्यांनी बघायचं.

वयाची भानगड सर्वांत मोठी. पिल्लांचे दोन गट असत. सहा ते नऊ महिन्यांचा छोटा गट, नऊ ते बारा महिन्यांचा मोठा. ज्याला प्रदर्शनाच्या दिवशी नऊ महिने पूर्ण झाले, ते मोठ्यात. त्या वयात पिल्लू आठवड्यागणिक भरतं. साडेआठ महिन्यांचं कोवळं पोर आणि साडेअकरा महिन्यांचा, छाती रुंदावलेला दांडगा एका रांगेत उभे केले, तर परीक्षकाने काय बघायचं? म्हणून रेघ. पूर्वी ही रेघ वाकायची. चार दिवस इकडे, आठवडा तिकडे, ओळखीचा असला तर पंधरा दिवस. मास्तरांनी सभेत उभं राहून सांगितलं होतं, “कापड कापताना ‘साधारण इथे’ म्हणून कात्री चालवत नाहीत.” तेव्हापासून रेघ सरळ झाली.

मागच्या वर्षी ती बेकरीवाल्याच्या अंगावर आली. त्याच्या तांबूस पिल्लाला प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी नऊ महिने पूर्ण झाले होते. एक दिवस. बेकरीवाला हात जोडून उभा राहिला, मग हात कमरेवर ठेवून उभा राहिला. मास्तरांनी बोट कागदावर ठेवलं आणि पिल्लू मोठ्या गटात गेलं, तिथे शेवटचं आलं. त्या दिवसापासून मास्तर पाव घ्यायला गेले की बेकरीवाला गिऱ्हाइकांसमोर हमखास म्हणे, “ताजा आहे हो मास्तर, पण बघून घ्या. एखादा दिवस जास्त झाला असेल, तर तुम्हाला चालायचा नाही.” मास्तर वर्षभर मुकाट्याने पाव घेऊन येत. अक्का विचारत, दुसरी बेकरी नाही का गावात? मास्तर म्हणत, आहे, पण तिकडे गेलो तर मी चुकलो असं होईल.

आता बॉबिनकडे. बॉबिन ही त्यांची स्वतःची कुत्री, काळी, शहाणी, शिवणयंत्राच्या पायट्याशी वाढलेली. ती गाभण राहिली तेव्हा जनावरांच्या डॉक्टरने पोट चाचपून अंदाज सांगितला, बारा फेब्रुवारीच्या आसपास. मास्तरांनी घरी येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर निळ्या खडूने बारा तारखेला गोल केला आणि आत लिहिलं, ‘बॉबिन – नग ५?’

बॉबिन आठवडाभर आधीच मोकळी झाली. मास्तरांच्या घरातली तारखेच्या आत झालेली ही पहिली डिलिव्हरी, आणि नेमकी तीच त्यांनी कुठे लिहिली नाही. दीड महिन्याने क्लबचा पिल्लांच्या नोंदणीचा फॉर्म भरायला बसले. जन्मतारखेच्या रकान्यापाशी मान वर केली, कॅलेंडर उलटून निळा गोल पाहिला, आणि वळणदार अक्षरात लिहून टाकलं, १२ फेब्रुवारी. खाली सही ठोकली.

शेपटीचं टोक पांढरं असलेलं पिल्लू गेलं ते गल्लीच्या टोकाच्या इस्त्रीवाल्या वहिनींकडे. वहिनी पन्नाशीच्या, आडव्या बांध्याच्या, तोंडाने फटकळ. सव्वीस वर्षं एकाच टेबलामागे उभ्या. गावातला कुणी मुलाखतीला निघो, कुणी बक्षीस घ्यायला, कोट त्यांच्या हाताखालून जायचा आणि त्या मागे उभ्याच. पिल्लाचं नाव त्यांनी ठेवलं कडक. तो होता लोण्यासारखा मऊ, आणि त्याचा एकच कान उभा राहायचा. दुसऱ्याला पक्की घडी पडली होती, ती वहिनींनाही मोडता आली नाही.

प्रदर्शनाचं खूळ त्यांच्या डोक्यात मास्तरांनीच घातलं. चांगलं उभं राहतं पिल्लू, छोट्या गटात शोभेल, असं ते एकदा सहज बोलून गेले. वहिनींनी ते असं धरून ठेवलं की कडक रोज संध्याकाळी इस्त्रीच्या टेबलावर जुन्या कांबळ्यावर ताठ उभा राहायला शिकू लागला. गिऱ्हाइकांना कपडे देताना त्या सांगत, “सात तारखेला दुकान बंद. आम्ही दोघं रिंगणात आहोत.” स्वतःसाठी त्यांनी एक राखाडी जाकीट मास्तरांकडून बेतून घेतलं. मास्तरांनी डोळ्यांना पाणी येईस्तोवर शिवलं, आणि तारखेनंतर चार दिवसांनी दिलं.

प्रदर्शनाच्या आदल्या सकाळी, शनिवारी, अक्का डायरी चाळत बसल्या होत्या. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा ठिबकायला लागला होता आणि प्लंबर म्हणत होता की वॉशर वर्षभर टिकतो. मागच्या वेळी कधी बदलला, हे त्या शोधत होत्या. नळ सापडला पाच फेब्रुवारीच्या नोंदीत. त्याच्या वर बॉबिन.

मास्तर टेबलावर उद्याची यादी पसरून बसले होते. अक्कांची नजर यादीतल्या तिसऱ्या ओळीवर गेली. कडक, जन्म १२ फेब्रुवारी. त्यांनी डायरी आणि यादी शेजारी शेजारी ठेवली आणि चष्मा पुसला.

“धाकट्या,” त्या म्हणाल्या, “बॉबिन दोनदा व्याली का रे?”

मास्तरांनी नोंद वाचली. मग उठून कॅलेंडरची पानं मागे उलटली. निळा गोल तिथेच होता. ते खुर्चीत बसले आणि बोटांवर महिने मोजू लागले, जणू बोटं काही वेगळं सांगतील. पाच फेब्रुवारी ते पाच नोव्हेंबर, नऊ. पाच नोव्हेंबर काल होऊन गेली. उद्या सात.

नळ बोलत होता. शेवटी मास्तर म्हणाले की चूक वहिनींची नाही, कडकची तर नाहीच. अक्का म्हणाल्या, नाहीच. मास्तर म्हणाले की कागदावर बारा आहे, क्लब कागद बघतो, तुझी डायरी कुणी बघायला येणार नाही. अक्का म्हणाल्या, नाही येणार. मास्तरांना राग आला. माणसाने थोडं भांडावं, तर ही हो ला हो करत होती.

“अगं, मग तू सांग ना काय करू.”

“मी काय सांगू? मी फक्त लिहिते,” अक्का म्हणाल्या. “उद्याचंही लिहीन. जे होईल ते.”

मास्तर यादीकडे बघत राहिले. मग त्यांनी टोपी घातली, फीत चाचपली आणि बाहेर पडले. आधी गेले सेक्रेटरीबाईंच्या दवाखान्यात. बाईंनी रुग्णाच्या तोंडात कापूस ठेवून बाहेर येऊन सगळं ऐकलं. त्या व्यवहारी होत्या. म्हणाल्या, नोंदणीचा कागद हाच पुरावा, घरातली डायरी म्हणजे दस्तऐवज नव्हे, आणि रेघ कुठेही मारली तरी तिच्यापाशी कुणी ना कुणी रडतंच. कागदाप्रमाणे चला, मी काही ऐकलं नाही. मास्तर म्हणाले, “कागद माझाच आहे हो. खोटा निघाला, तर बेकरीवाल्याला मी कोणत्या तोंडाने परत पाठवलं?” बाईंनी खांदे उडवले. मग तुमचं तुम्ही ठरवा, म्हणाल्या, आणि कापसाकडे परत गेल्या.

इस्त्रीच्या दुकानापर्यंत दोनशे पावलं. मास्तरांनी ती मोजून संपवली. वहिनी राखाडी जाकिटाच्या बाहीवर ओलं फडकं ठेवून वाफ काढत होत्या. फळीवर कपड्यांची गाठोडी ओळीने ठेवलेली, त्यांत अक्कांनी गुरुवारी दिलेलंही होतं. कडक मास्तरांच्या पायजम्याला झोंबला. मास्तरांनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. बसले असते तर सांगता आलं नसतं.

वहिनींनी इस्त्री उभी केली. आधी त्यांना पटेना, मग पटलं, आणि पटल्यावर त्या बोलायच्या थांबेनात. मोठ्या गटात पाटलोणीएवढ्या पायांची कुत्री येतात, त्यांच्यात हा कुठे दिसणार? निम्म्या गावाला सांगून बसले, आता काय सांगू, शिंप्याने तारीख चुकवली? आणि चुकवायची तर एवढी वर्षं सगळ्यांच्या पुढे ढकललीत, याचीच मागे का आणलीत? मास्तर मान खाली घालून ऐकत होते. मग वहिनींचा आवाज एकदम खाली आला.

“मास्तर, हे जाकीट बघा,” त्यांनी ते उलटं करून अस्तर दाखवलं. “शिवणीच्या आत दीड इंच कापड सोडलंय तुम्ही. प्रत्येक कपड्यात सोडता. माणूस वाढतो, म्हणता. मग नियमात दोन दिवस सोडता येत नाहीत?”

मास्तर अस्तरावरून अंगठा फिरवत राहिले.

“सोडतो,” ते शेवटी म्हणाले. “पण ते तुमच्याच कापडातून सोडतो, वहिनी. उद्याचे दोन दिवस मला दुसऱ्याच्या कापडातून काढावे लागतील. छोट्या गटात चार पिल्लं आहेत. कुणाच्या तरी पिल्लाची जागा हा घेईल, आणि त्या माणसाला कधी कळणारही नाही.”

वहिनींनी जाकीट सुलटं केलं, हँगरला लावलं. मग फळीकडे हात करून म्हणाल्या, “तुमचं गाठोडं जाताना घेऊन जा. यापुढे दुसरीकडे टाका कपडे.”

मास्तर निघाले, आणि गाठोडं विसरले. अक्कांनी विचारलं तेव्हा आठवलं. परत जायची छाती झाली नाही. अक्कांनी त्या दिवशीच्या पानावर लिहिलं : चादरी दोन, शर्ट चार, अभ्रे सहा इस्त्रीवाल्या वहिनींकडेच आहेत.

रविवारी व्यायामशाळेत रबराच्या चटया अंथरल्या होत्या. दाराजवळ मास्तरांचं टेबल, त्यावर नोंदवही, उंची मोजायची पट्टी आणि पाण्याचा तांब्या. पलीकडे बेकरीवाल्याने बिस्किटांचं टेबल लावलं होतं. मास्तरांनी सकाळी सर्वांत आधी नोंदवही उघडली, तिसऱ्या ओळीवरची तारीख आडवी रेघ मारून खोडली, वर खरी लिहिली आणि बाजूला लिहिलं, ‘चूक माझी.’ मग वहीचं पान येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असं वळवून ठेवलं.

दहा वाजेपर्यंत तिसऱ्या ओळीपुढची सहीची जागा रिकामी होती. मास्तर दर दोन मिनिटांनी दाराकडे बघत होते आणि फीत गुंडाळून उलगडत होते. सव्वादहाला वहिनी आल्या. राखाडी जाकीट, केस चापून बसवलेले, कडक दोरीच्या टोकाला नाचत. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं नाही. वहीवरची खाडाखोड वाचली, पेन उचललं आणि मोठ्या गटापुढे सही केली. मास्तरांनी कडकची उंची मोजली. मग पुन्हा एकदा मोजली.

मोठ्या गटात पाच जण होते. चार भरलेले, गुबगुबीत मानेचे, आणि शेवटी कडक, एक कान वर, एक खाली. परीक्षक जवळ आले तेव्हा बाकीची चार उभी राहिली आणि कडक बसला. सभागृहात हसू पिकलं. वहिनींनी ओठ घट्ट मिटले, वाकल्या, आणि त्याच्या पोटाखाली दोन बोटं लावली, जशी रोज टेबलावर लावत. कडक उठला. मग मात्र असा ताठ उभा राहिला की शेपटीचं पांढरं टोकसुद्धा हललं नाही. परीक्षकांनी त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवला, छातीशी थांबले, मान हलवली. अजून भरायचा आहे, पाय उत्तम आहेत, मोठा झाल्यावर आणा, असं म्हणून पुढे गेले. कडक चौथा आला. पाचवा होता तो परीक्षकांच्या बुटावर मुतला होता.

छोट्या गटात साडेसहा महिन्यांची एक करड्या रंगाची मादी पहिली आली. तिचा मालक बसचा ड्रायव्हर, पहिल्यांदाच आलेला; त्याला कप कुठल्या हातात धरावा हेच कळेना. कडक तिथे असता तर काय झालं असतं, ते मास्तर ठरवू शकले नाहीत. त्यांनी प्रयत्नही फार केला नाही.

दुपारी बेकरीवाला टेबलापाशी आला. वहीवर वाकून त्याने खोडलेली ओळ वाचली, मग तिच्या शेजारचे दोन शब्द वाचले.

“दोन दिवस?” त्याने विचारलं.

“दोन.”

“माझा एक होता.”

“हो.”

“म्हणजे तुम्ही माझ्यापेक्षा दुप्पट लबाड,” बेकरीवाला म्हणाला, आणि स्वतःच्याच बोलण्यावर पोट धरून हसला. हसू ओसरल्यावर हळूच म्हणाला, “मला वर्षभर वाटत होतं, तुम्ही माझा चेहरा बघून केलंत.” मास्तर म्हणाले की चेहरे आपल्या लक्षातच राहत नाहीत. बेकरीवाल्याने बिस्किटांचा पुडा टेबलावर ठेवला. कालची आहेत, म्हणाला, चालत असतील तर खा.

वहिनी दोरी हाताला गुंडाळून दाराशी उभ्या होत्या. चार बायका त्यांच्याभोवती जमल्या होत्या, आणि वहिनी सांगत होत्या की चौथा आला तो बारा महिन्यांच्या कुत्र्यांमध्ये, हे नीट ध्यानात घ्या. मास्तर टेबल आवरून जवळून गेले. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि जाकिटाचं वरचं बटण लावत म्हणाल्या, “काखेत थोडं ओढतंय. आतलं कापड सोडवून द्या.” मास्तर म्हणाले देतो. कधी, ते वहिनींनी विचारलं नाही आणि मास्तरांनी सांगितलं नाही.

घरी आल्यावर मास्तर यंत्रापाशी जाऊन बसले. बॉबिन त्यांच्या पायांशी आडवी झाली. अंधारायच्या आधी दारात कडकच्या नखांचा आवाज झाला, पण अक्का दार उघडेपर्यंत तो आणि वहिनी गल्लीच्या वळणावर पोहोचल्या होत्या. पायरीवर गाठोडं होतं. अक्कांनी ते उचलून आत आणलं, अजून कोमट होतं. कपडे मोजून कपाटात लावले, आणि मग डायरी उघडली.

‘७ नोव्हेंबर, रविवार. हवा स्वच्छ. इस्त्रीचे कपडे आले. चादरी दोन, शर्ट चार, अभ्रे सहा. नळाचा वॉशर उद्या.’